कॅरिबियन दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल

साखरपुडा झाल्याच्या सहाव्या दिवशी प्रतिक्षानं अनुप रामटेकेकडं आपली पहिली मागणी मांडली, आणि ती ऐकून भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हायवेवर उभा असलेला अनुप जवळच्या पानठेल्याच्या बाकावर मटकन बसला.

खरं तर मागायला त्यानंच लावलं होतं. "लग्न झाल्यावर फिरायले कुठं जायाचं, तूच सांग. तू म्हनशीन तिथं जाऊ." असं वाक्य शहाण्या माणसाच्या तोंडून निघत नाही, पण नुकता साखरपुडा झालेला माणूस शहाण्यात मोजत नाहीत. पलीकडं लाखांदूरला प्रतिक्षा तलावाच्या पाळीवर उभी होती, कारण तिच्या मोबाईलला रेंज फक्त तिथंच होती. अलीकडं अनुपच्या कानाला घासून धानाच्या पोत्यांचा ट्रक भोंगा वाजवत गेला. एवढ्यातून वाट काढत त्याच्यापर्यंत जे पोचलं ते असं होतं: "आपल्याले... करीबियन... असं पाहा."

आता एखाद्यानं सरळ विचारलं असतं, काय म्हणालीस? पण प्रतिक्षा एम.एससी. होती आणि अनुप तीन वेळा बसून बी.ए. झालेला. शिवाय तिनं पुण्याच्या एका इंजिनिअरला नाही म्हणून ह्याला हो म्हटलं होतं. का म्हटलं, हे कोडं अनुपला सहा दिवस सुटलं नव्हतं, आणि तिलाही ते पडू नये एवढीच त्याची इच्छा होती. तेव्हा तो म्हणाला, "हाव, हाव! माझ्याबी मनात तेच होतं." माघारी फिरायचा रस्ता त्यानं असा स्वतःच्या हातानं बंद केला.

घरी येऊन त्यानं मोबाईलवर पाहिलं. कॅरिबियन हे एक गाव नव्हतं, एक देशही नव्हता. ती बेटं होती, आणि पोरांनी चुरमुरे सांडावेत तशी समुद्रभर सांडली होती. त्यातलं कोणतं? हे विचारण्यासाठी त्यानं बार्बाडोस, जमैका, ग्रेनेडा, अँटिग्वा अशी नावं प्रतिक्षाला पाठवली. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "तुमाले आवडन ते." ही बायको आपल्याला जन्मभर मान देणार असं वाटून अनुपनं ते दोनदा वाचलं.

अनुपचे वडील परसराम वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. जगाचा भूगोल त्यांना रेडिओवरच्या क्रिकेटच्या समालोचनातून पाठ झाला होता. जिथं कसोटी सामना होत नाही अशी जागा पृथ्वीवर आहे हे त्यांना मान्य नव्हतं.

"करीबियन करीबियन काय लावलं? वेस्ट इंडीज म्हन न सरळ!" ते खाटेवर उठून बसले. "बार्बाडोस नोको. तिकडच्या पिचवर उसळी लई. सूनबाईले तरास होईन."

"बाबा, आमी फिरायले जाऊन राहिलो."

"फिरायलेच म्हनतो. गयाना तर बिलकुल नोको, तिकडं पानी येते, पाच दिवसातले तीन दिवस धुऊन जाते. त्रिनिदाद घे. आपले लोक तिकडं जितले होते. फिरकीले साथ भेटते."

"फिरकीचं काय करू मी?"

"ते मी कसं सांगू," परसराम गंभीरपणे म्हणाले, "लगीन तुयं हाय."

आई तुळसाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं पोहचाले किती दिवस लागते?" सगळं मिळून दीड-दोन दिवस, हे ऐकून त्या तिळाचे लाडू वळायला बसल्या. लग्नाला तीन महिने होते.

शेजारच्या शकुंतलाबाई भिंतीवरून डोकावून सल्ला देत. भिंत त्यांनी त्याच बेतानं बुटकी ठेवली होती. "बापू, तिकडं भात भेटन का? समुद्राचं पानी खारं. त्याच्यात भात सिजन का? पाच किलो चिन्नोर तांदूळ बांधून ने. अन् सोबत कुकर." कुकर विमानात चालत नाही असं अनुप म्हणाला, तर त्यांनी "मंग कायचं इमान ते?" म्हणून त्या वाहनाचा विषय संपवून टाकला.

शहापुरात 'अंकुश ऑनलाइन सेवा केंद्र' आहे. सातबारा, आधार, पीक विमा, वीजबिल आणि लग्नपत्रिका ही त्याची नेहमीची कामं. अंकुश अनुपचा शाळेतला मित्र. त्यानं दोघांचे पासपोर्टचे अर्ज भरले, आणि "कॅरिबियन म्हंजे आपल्याच हातचं काम" म्हणून तो कामाला लागला. त्याच्या अभ्यासातून निघालं ते असं, की ज्या बेटावर जायचं तिथं व्हिसा नको असला तरी वाटेत जिथं विमान बदलायचं तिथला लागू शकतो. "म्हंजे घरात याले परवानगी नोको, पन अंगनातून जायाले पाहिजे," अंकुशनं समजावलं. एवढं सगळं करून त्यानं मैत्रीखातर आणखी एक गोष्ट केली, आणि ती मात्र न विचारता केली.

दुसऱ्या दिवशी हायवेवर दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला होता. मध्ये अनुपचा बी.ए.च्या वेळचा फोटो. खाली मजकूर: 'शहापूरचे सुपुत्र अनुप परसराम रामटेके यांची कॅरिबियन दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.'

"निवड कायले लिवलं बे?" अनुप ओरडला.

"साचा तोच हाय न आपल्याकडं. 'बिनविरोध निवड' होतं, त्यातलं बिनविरोध काढलं."

त्या दिवसापासून अनुपला रस्त्यानं चालणं अवघड झालं. परसरामांचं घर क्रिकेटवेडं हे गावाला माहीतच होतं, त्यात दौरा आणि निवड म्हटल्यावर कोणी पुढचं वाचलंच नाही. केस कापणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत. गावातल्या क्रिकेट मंडळानं सत्कार ठेवला, शाल आणि नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायला लावलं. अनुप खरं सांगायला उभा राहिला होता. पण समोर पहिल्या रांगेत परसराम बसले होते, आणि मुलाचा सत्कार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. अनुप म्हणाला, "मी... प्रयत्न करीन." टाळ्या वाजल्या. ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, अशी त्यानं नंतर स्वतःची समजूत घातली.

पण खरी कसोटी पुढंच होती. अनुप भंडाऱ्यात एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होता. सरकारी माणसाला परदेशी जायचं तर ना-हरकत लागते, आणि ना-हरकतीचा अर्ज आस्थापनेच्या चंद्रकांता मॅडमकडं जातो. अनुपनं स्वतः सहा वर्षं आवकच्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज 'सोबतची कागदपत्रे जोडलेली नाहीत' म्हणून परत केले होते. तो आता टेबलाच्या ह्या बाजूला उभा राहिला, तेव्हा त्याला ते टेबल किती उंच आहे ते कळलं.

पहिला अर्ज त्यानं बाबांच्या भरवशावर केला. देशाचं नाव: वेस्ट इंडीज. तो शेरा घेऊन परत आला, 'नमूद देश यादीत आढळून येत नाही.'

"मॅडम, त्यांची टीम हाय," अनुप म्हणाला.

"टीम असन. देश नाही. देश नसताना टीम कशी, हे त्यांनी पाहावं," चंद्रकांता मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा पुसू लागल्या.

दुसऱ्या अर्जात त्यानं अँटिग्वा आणि बार्बुडा असं लिहिलं. मॅडमनं पेन्सिलीनं नावाखाली रेघ ओढली. "एका अर्जात एकच देश."

"मॅडम, हा एकच देश हाय."

"मंग मधात 'आणि' कायले?"

अनुप परत बसला आणि यादी चाळू लागला. त्रिनिदाद आणि टोबॅगो. सेंट किट्स आणि नेव्हिस. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स. त्या समुद्रात जो तो देश जोडीनं नांदत होता, एकटा बिनलग्नाचा काय तो अनुपच. शेवटी 'आणि' नसलेल्या थोड्यांतून, जिथल्या पिचबद्दल बाबा काही बोलले नव्हते असं एक बेट त्यानं निवडलं, डॉमिनिका. त्यानं आनंदानं पहिल्या पानावर डॉमिनिका लिहिलं. सोबत जोडलेला माहितीचा कागद अंकुशनं छापून दिला होता, आणि त्यावर डॉमिनिकन प्रजासत्ताक होतं.

"नावात तफावत हाय," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एकच असल्याचं शपथपत्र आना."

"मॅडम, हे दोन वेगळे देश हायेत. अंकुशनं चुकीचा कागद..."

"मंग वेगळे असल्याचं आना."

एवढ्यावर भागलं असतं तर अनुपची अब्रू घरच्या घरी राहिली असती. पण अर्जात 'भेटीचे प्रयोजन' असा रकाना होता, आणि त्यात त्यानं शुद्ध मराठीत 'मधुचंद्र' असं लिहिलं होतं. त्यावर मॅडमनं, कोणताही राग न ठेवता, नियमाप्रमाणे टिप्पणी लिहिली: 'अर्जदार यांचा विवाह अर्जाच्या दिनांकास झालेला नसून विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलेले नाही. सबब प्रस्तावित मधुचंद्र मुदतपूर्व ठरतो.' ही फाईल साहेबांपर्यंत जाताना चार टेबलांवर थांबली. एरवी चार-चार महिने एका जागी बसणाऱ्या फायली पाहिलेल्या अनुपला त्या दिवशी कळलं, की मजकूर चांगला असला तर आपली माणसंही झटपट वाचतात. डबा खायच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणालं, "मुदतपूर्व!" आणि लेखा शाखेतला एक माणूस पाणी पिताना ठसकला.

हे सगळं अनुप सोसत होता. का, तर तिची ती पहिली मागणी होती. साखरपुड्यात तिनं साडीचा रंगसुद्धा मागितला नव्हता. जी मुलगी काही मागत नाही तिनं एकदाच काही मागावं, आणि आपण शेऱ्यांना घाबरून नाही म्हणावं, हे त्याला जमणार नव्हतं. बाकी तो कसाही असो, ह्या एका गोष्टीत तो खरा होता.

आणि मग एका संध्याकाळी शकुंतलाबाई भिंतीवरून डोकावल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"बापू, माई बहीन लाखांदूरले रायते, तुले माईतच हाय. ते म्हने, तुमची होनारी सून रोज येष्टीत दिसते. सकाळी लाखांदूरहून पवनीले जाते, पवनीले उतरत नाही, त्याच गाडीनं वापस येते. कोनाशी बोलत नाही. अन् हातात..." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, "हातात लिंबू रायते."

परसराम खाटेवरून गरजले, "घरात बावीस प्रतिज्ञा टांगल्या हायेत माया! आपल्याकडं लिंबूबिंबू चालत नाही, शकुंतलाबाई!"

"मी कुठं म्हनलं चालते? मी लिंबू म्हनलं," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अनुपला मात्र लिंबाची भीती वाटली नाही. त्याला दुसरीच वाटली. रोज एकटीनं बसमध्ये बसायचं, कुठं उतरायचं नाही, परत यायचं. ज्याला घरातून पळावंसं वाटतं पण पळवत नाही, तो माणूस असं करतो. पुण्याचा इंजिनिअर त्याला आठवला. ना-हरकत सगळीकडून मागितली, पण हिची घ्यायची राहिली, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी तो सत्काराच्या वेळी घेतलेले नवे बूट घालून मोटारसायकलवर पवनीला गेला. स्टँडवर गाडी लावली. लाखांदूरची एसटी आली. सगळे उतरले, एक जण सोडून. पुढून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, प्रतिक्षा डोळे घट्ट मिटून बसली होती. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पन्नी, आणि ओठ काहीतरी मोजत असावेत तसे हलत होते.

अनुप जाऊन शेजारी बसला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी परत फिरली. गाव मागं पडेपर्यंत त्यानं वाट पाहिली. मग तो म्हणाला, "प्रतिक्षा, तुले हे लगीन नसन कराचं तर सांग. मी कोनाले दोष लागू देनार नाही. मीच नाही म्हनलं असं सांगीन."

प्रतिक्षानं डोळे उघडले. त्याला पाहून तिचा चेहरा आधी फुलला, मग त्याचं वाक्य कळून पडला. बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं. पण जे बाहेर आलं ते शब्द नव्हते, आणि ते पन्नीत न पडता नव्या बुटांवर पडलं.

"आज तर आसगावच्याबी आधी झालं ताई," कंडक्टर हळहळला. "काल लाखांदूरपर्यंत निभलं होतं. तुमी बोलवलं काहून तिले?" हे शेवटचं अनुपला होतं.

पाणी पिऊन झाल्यावर प्रतिक्षा खिडकीबाहेर पाहत, रडवेल्या आवाजात म्हणाली, "मले गाडी लागते."

"काय?"

"लहानपनापासून लागते. पुन्याचं स्थळ त्याच्यानंच नाही म्हनलं. दर सनाले इतकं दूर याचं-जायाचं मले निभलं नसतं. शहापूर करीब हाय." मग घाईनं, "अन् तुमी मले आवडलेबी होते. पाहाले आले तवा तुमी चहा सांडला न स्वतःच पुसला."

साखरपुड्यापासूनचं कोडं असं चालत्या एसटीत सुटलं. पण अनुपच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं.

"मंग करीबियनले जाऊ कायले म्हनलं तू?"

"मी? मी कवा म्हनलं? तुमीच तर बेटांची नावं पाठवली. मंग तुमच्या बाबांनी फोन करून पिच सांगतलं, मंग तुमचा फ्लेक्स लागला. मले वाटलं, तुमाले एवढी हौस हाय, मी गाडी लागते म्हनून कशी मोडू? म्हनून सवय करून राहिली. आधी पवनी, मंग साकोली, मंग नागपूर. नागपूरपर्यंत निभलं का मंग इमान."

"अवं, तूच म्हनलं फोनवर! पाळीवरून! करीबियन पाहा!"

प्रतिक्षा त्याच्याकडं पाहतच राहिली. तिचे ओठ पुन्हा काहीतरी जुळवत असल्यासारखे हलले, आणि मग ती इतकी हसली की लिंबू हातातून सुटून थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेलं.

"मी म्हनलं होतं, आपल्याले करीब येईन असं पाहा!"

आता ह्यात अनुपचा किती दोष आणि आपल्या बोलीचा किती, हे ठरवणं कठीण. पुस्तकातला 'तो' येईल म्हणतो आणि 'मी' येईन म्हणतो. आपल्याकडं मीही येईन, तोही येईन, बसही येईन आणि फिरायचं ठिकाणही करीब येईन. एकाच शब्दात सगळे दाटीनं बसलेले, त्यात वरून ट्रक. अनुपनं डोकं समोरच्या बाकाला टेकवलं. हसावं की रडावं ते न कळून त्यानं बूट पुसायला घेतले.

सोमवारी त्यानं अर्ज मागं घेतला. चंद्रकांता मॅडमनं नियम सांगितला, की मागे घेण्याच्या अर्जात, आपण कोणत्या देशात जाणार नाही ते स्पष्ट नमूद करावं लागतं. अनुपनं पानभर लिहिलं. त्यात एकदाचे सगळे 'आणि' मावले. मॅडमनं सही केली आणि विचारलं, "मंग आता कुठं?"

"रावणवाडीचा तलाव. मुख्यालय सोडाची परवानगी लागन का?"

"नाही लागत. करीबच हाय ते," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. वर, "फक्त मुदतपूर्व जाऊ नोका," असंही म्हणाल्या.

परसरामांना सांगणं सगळ्यात जड गेलं. त्यांनी सत्काराची शाल घडी करून ठेवली. मग म्हणाले, "ठीक हाय. परदेशात कोनीबी हरते. घरच्या मैदानावर खेळनं कवाबी चांगलं." अंकुशनं फ्लेक्सवर 'कॅरिबियन'च्या जागी कागद चिकटवून 'रावणवाडी' केलं. दौरा आणि निवड तसंच राहिलं. क्रिकेट मंडळानं शाल परत मागितली नाही, त्यांचा हा मोठेपणा.

फेब्रुवारीत लग्न झालं. तिसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलनं निघाली. डब्यात तुळसाबाईंचे लाडू, जे दीड दिवसाच्या प्रवासाच्या हिशेबानं वळले होते आणि आता चार दिवस पुरणार होते. शकुंतलाबाईंनी भिंतीवरून चिन्नोरची पिशवी दिलीच. "खारं नसन पानी तिकडं, सिजन भात," त्या म्हणाल्या.

हायवेला लागताना अनुपनं आरशात पाहिलं. प्रतिक्षा मागं सीटच्या पार कडेला, मधात चिन्नोरची पिशवी ठेवून बसली होती. फ्लेक्सवरून तो स्वतःच स्वतःला शुभेच्छा देत होता, आणि चौकातली सगळी माणसं पाहत होती.

"गाडी तर नाही लागून राहिली तुले?"

"मोटारसायकल नाही लागत."

"मंग इतकी दूर कायले बसली?"

बाजूनं धानाच्या पोत्यांचा ट्रक भोंगा वाजवत गेला. पण ह्या वेळी अनुपला एक-एक अक्षर ऐकू आलं.

"गाव तर जाऊ द्या मागं," प्रतिक्षा म्हणाली. "करीब येईन."